गळ्यातला बिल्ला

आमच्या बारामतीकडच्या कारखान्यांत माणसाची ओळख ०.७६ मिलिमीटर जाडीची असते. तेवढं कार्ड तडकलं, की रोज रामराम घालणारा वॉचमनही विचारतो, "आपण कोण?" आणि नव्या कार्डाचे पैसे कापायचे कामगाराच्याच पगारातून!

अहो, साधं पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, वारंवार वाकवलं तर तडकतं. मागच्या खिशात घालून मोटारसायकलवर बसणाऱ्याकडे ते किती टिकणार? ते पाहुण्यांना द्या. संध्याकाळी परतच घ्यायचंय. रोजच्या माणसाला पीव्हीसी-पॉलिएस्टरचं मिश्र कार्ड द्या. पॉलिकार्बोनेटवर तर लेसरनं नाव आतच कोरतात. घासून जात नाही.

महाग पडतं म्हणता? मग स्वस्तातलं तुम्ही घाला, साहेब. तुम्हाला गेटवर कोण अडवतंय!