जिवाला जप

‘सेल्फ-कम्पॅशन’साठी ‘आत्मकरुणा’ हा शब्द अलीकडे वापरात येतो आहे आणि तो उच्चारताच आपल्या कानांना ‘स्वतःची कीव’ ऐकू येते. करुणा परक्यासाठी, स्वतःच्या वाट्याला केवळ कर्तव्य, असा आपला संस्कार. परंतु सोमवारच्या बाजाराच्या गर्दीतून वाट काढत बेल्ह्याच्या स्टँडवर आलेली आई नर्सिंगच्या वसतिगृहाकडे निघालेल्या लेकीला काय सांगते? ‘जिवाला जप गं.’ म्हणजे शब्द आपल्यापाशी होताच. तो स्टँडवरच राहिला. लेकीबरोबर वसतिगृहात गेला तो ‘त्याग’.

या अपराधात आपण साहित्याची माणसे सामील आहोत. १२ मेला परिचारिकेला समईची, वातीची उपमा देणारी भाषणे बहुधा मराठीचा प्राध्यापकच करतो. (मीही केली आहेत.) त्या दिवशी म्हटली जाणारी नाइटिंगेलबाईंच्या नावाची शपथसुद्धा त्यांनी लिहिलेली नाही, ती १८९३ साली अमेरिकेत, डेट्रॉइटला तयार झाली.

कोलबर्गच्या नैतिक विकासाच्या पायऱ्यांना हरकत घेताना कॅरोल गिलिगन यांनी १९८२ मध्ये वेगळी वाट दाखवली. आधी माणूस स्वतःपुरते पाहतो. मग इतरांसाठी स्वतःला पुसून टाकण्यालाच चांगुलपणा मानतो. आणि त्याही पुढे काळजीच्या वर्तुळात स्वतःलाही सामावून घेतो. आपण मधल्या पायरीलाच शिखर समजून एकोणीस वर्षांच्या मुलींना तिथे उभे करतो. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून मांडलेली आत्मकरुणा म्हणजे लाड नव्हेत. चुकलेल्या मैत्रिणीशी आपण जसे वागू तसे स्वतःशी वागणे, एवढेच. औषधाची मात्रा चुकल्यावर जी स्वतःला पापी ठरवते, ती चूक लपवण्याचा संभव अधिक. जी स्वतःकडे माणूस म्हणून पाहू शकते, ती धावत जाऊन सांगेल. यात रुग्णाचाच जीव वाचतो.

‘स्वतःचा विचार करणारी नर्स रुग्णाचे काय करणार?’ असे विचारणाऱ्यांनी केईएमकडे पाहावे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तळघरात कपडे बदलत असताना अरुणा शानबाग यांच्यावर सफाई कामगाराने हल्ला केला. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. मधली एक्केचाळीस वर्षे सहकारी परिचारिकांनी त्यांना असे सांभाळले, की अंथरुणाला खिळलेल्या त्या देहावर बेडसोअर नव्हते. ही कथा आपण डोळे पुसत सांगतो आणि तिचा आरंभ गाळतो. हल्ल्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला होता. मागण्या अरुणासाठी होत्या आणि स्वतःच्या कामाच्या परिस्थितीसाठीही. दोन्ही एकाच श्वासात. पुढे ऐंशीच्या दशकात महापालिका अरुणाला हलवू पाहत होती, तेव्हाही परिचारिकाच आडव्या आल्या. संप करणारे आणि कूस बदलून देणारे हात वेगळे नव्हते. आपल्या उपमांत मात्र संपाला जागा नाही. वातीने संप कसा करावा?

पुढल्या १२ मेचे निमंत्रण आले, तर मी त्या संपावर बोलणार आहे. नंतर पुन्हा बोलावतील असे वाटत नाही.