गार पाण्याची शिस्त आणि घासणीची शिस्त

२०२४ च्या नोव्हेंबरात मी घरी गार पाण्याचा टब आणला. चारशे लिटरचा, आणि शेजारी पाणी गार करणारं यंत्र. आमचा फ्लॅट सिंहगड रस्त्यावर, तळमजल्याला. मागे फरशी घातलेली थोडी मोकळी जागा आहे, तिथे तो बसवला. कारणं फार उदात्त नव्हती. वय सत्तेचाळीस, पाठ धरलेली, आणि मोबाइल उघडला की बर्फाच्या पाण्यात बसलेले पुरुष आपल्याकडे कीव आल्यासारखे बघतात. विकणाऱ्याने सांगितलं होतं, “सर, झीरो मेन्टेनन्स. फिल्टर आहे, ओझोन आहे, आणि दहा डिग्रीच्या पाण्यात जंतू जगतच नाहीत.” पुढचे तीन आठवडे मी पहाटे साडेपाचला त्यात बसत होतो आणि दिवसभर भेटेल त्याला ते ऐकवत होतो. शिस्त, मन, निर्धार वगैरे शब्द माझ्या तोंडी आले होते. हा लेख त्या माणसाविरुद्ध आहे. त्याच्यासारखे पुण्यात आता बरेच झालेत म्हणून जाहीरपणे लिहितो आहे.

चौथ्या आठवड्यात टबात उतरताना हात कडेला टेकला आणि घसरला. पाण्याच्या रेषेलगत चारही बाजूंनी बुळबुळीत थर होता. पाणी मात्र आरशासारखं. मी आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना म्हटलं, “मावशी, हे जरा आतून घासून घ्याल का?”

त्यांनी वाकून बघितलं. “दादा, ह्याचं पाणी कधी बदलता?”

“फिल्टर आहे. महिनाभर बदलायला लागत नाही.”

“आम्ही पिंप चार दिवसांनी रिकामं करून घासतो,” त्या म्हणाल्या. “आणि त्यात कोणी बसत पण नाही.”

या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. नंतर शोधलं, तर उत्तर नसण्याचंच कारण सापडलं.

पहिली थाप गारव्याची. गार पाण्यात जंतू मरत नाहीत. त्यांची वाढ मंदावते, एवढंच. फ्रिजमधलं वरण दोन दिवस टिकतं ते जंतू मेले म्हणून नव्हे, ते सुस्तावले म्हणून. आठ दिवसांनी त्याच वरणाचा वास येतो. ‘स्युडोमोनास’ नावाचा जिवाणू अंगावर पुरळ आणि कानाला संसर्ग देतो. त्याच्या कुळातले काही जिवाणू फ्रिजइतक्या थंडीतही हळूहळू वाढू शकतात. कडेचा बुळबुळीत थर ही अशा जिवाणूंनी स्वतःभोवती बांधलेली वस्ती असते. आणि काही जंतू तर गार पाण्यात कोमट पाण्यापेक्षा जास्त दिवस तग धरतात. त्यातल्या एकाचं नाव पुण्याला लवकरच पाठ होणार होतं.

२०२५ च्या जानेवारीत आमच्याच रस्त्यावर, पुढे नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत माणसांच्या हातापायातली ताकद जाऊ लागली. गुइयाँ-बारे सिंड्रोम हे अवघड नाव रिक्षावालेसुद्धा ‘जीबीएस’ म्हणून घेऊ लागले. पुणे परिसरात संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला, काही माणसं दगावली. रुग्णांच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला, आणि नांदेडची विहीर, टँकर, ब्लीचिंग पावडर रोज बातम्यांत येऊ लागलं. गार पाण्यात जास्त टिकणारा तो हाच. मावशी किरकटवाडीला राहतात. महापालिकेत २०२१ मध्ये आलेल्या तेवीस गावांपैकी ते एक. त्यांच्या घरी प्यायचं पाणी उकळत होतं, गॅस सिलिंडर लवकर संपत होता, आणि त्या सकाळी आठला येऊन माझ्या टबाची कड घासत होत्या.

टबामुळे जीबीएस होतो असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच, की पाणी निर्मळ दिसणं आणि पाणी निर्जंतुक असणं यांतला फरक त्या महिन्यात एका गावाला जिवावर बेतून कळत होता. तोच फरक मी पैसे मोजून विसरलो होतो.

दुसरी थाप यंत्राची. फिल्टर घाण नाहीशी करत नाही, साठवतो. तो आठवड्याला काढून धुतला नाही, तर तुमचं सगळं पाणी तासातासाला त्या साठलेल्या घाणीतून गाळून परत येतं. ओझोन काम करतो, पण लगेच विरून जातो. पुढच्या माणसाने आणलेल्या जंतूंसाठी पाण्यात काही शिल्लक ठेवत नाही. अतिनील दिव्याचंही तसंच. दिव्यासमोरून जाईल तेवढं पाणी शुद्ध, कडेला चिकटलेल्या थराला त्याचा पत्ताच नसतो. घरातली वडीलधारी माणसं तुरटी सुचवतात. तुरटी गाळ खाली बसवते, पण जंतू मारण्यासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. पाण्यात टिकून राहणारं, स्वस्त आणि मोजता येणारं औषध अजूनही क्लोरीनच आहे. आणि गार पाण्यात तेही सावकाश काम करतं, म्हणून मोजून टाकावं लागतं.

मोजणं अवघड नाही. लिटरला दोन मिलिग्रॅम धरले तर चारशे लिटरला ०.८ ग्रॅम क्लोरीन होतो. बिनवासाच्या हायपोक्लोराइटच्या द्रावणावर पाच टक्के लिहिलेलं असेल तर साधारण १६ मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे. बाटली जुनी किंवा उन्हात ठेवलेली असेल तर जोर कमी झालेला असतो, म्हणून शेवटचा शब्द तपासणीच्या पट्टीचा: मोकळा क्लोरीन १ ते ३, सामू ७.२ ते ७.८. सामू आठपर्यंत चढला तर तेवढाच क्लोरीन बराच दुबळा पडतो. आणि एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवायची: संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि हे द्रावण कधीही एकत्र येता कामा नये. त्यातून विषारी वायू निघतो, आणि बंद मोरीत तो जिवावर उठू शकतो.

पण या सगळ्याच्या आधीची गोष्ट फुकट आहे आणि तीच कोणी करत नाही. टबात उतरण्यापूर्वी साबण लावून अंघोळ. आम्ही लोक जिममधून घामाने निथळत येतो, डोक्याला खोबरेल असतं, अंगाला क्रीम असतं, तसेच पाण्यात बसतो आणि बाहेर आल्यावर अंघोळ करतो. म्हणजे घाण पाण्याला देतो आणि मग स्वच्छ होतो. ती घाण क्लोरीन खाते. पोहण्याच्या तलावावर आधी शॉवरखाली उभं करणारे गुरुजी ज्यांना लहानपणी खडूस वाटले, त्यांनी आता त्यांची मनातल्या मनात माफी मागावी.

गार पाण्यात बसणं पुण्याला नवीन नाही, हेही या निमित्ताने सांगायला हवं. लुई कुने या जर्मन माणसाचं कटिस्नान गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत असल्यापासून केलं. आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना, १९४२ नंतर, त्यांनी आरोग्यावर जे पुस्तक लिहिलं त्यातही ते सांगितलं आहे. १९४६ मध्ये उरुळी कांचनला त्यांनी निसर्गोपचार सुरू केले. त्याच लाटेत माझ्या आजोबांनी जस्ताच्या पत्र्याचा कटिस्नानाचा टब घेतला होता. कमरेपर्यंत पाणी, दहा-पंधरा मिनिटं, झालं की टब उचलून पाणी झाडांना आणि टब भिंतीला उपडा. फिल्टर नाही, ओझोन नाही. त्याची निगा कशी राखायची हा प्रश्नच कोणाला पडला नाही, कारण त्यात पाणी मुक्कामाला राहतच नव्हतं. न्हाणीघरातल्या तांब्याच्या घंगाळाचंही तेच. रोज रिकामं, रोज चिंचेने घासलेलं.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: टब स्वच्छ ठेवणं सोपं करायचं असेल तर महाग यंत्र घेऊ नका, लहान टब घ्या. एका माणसाला उचलता येईल, उपडा करता येईल, ज्याच्या आतल्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत हात पोचेल, ज्याचं बूच अगदी तळाशी असेल आणि ज्याला घट्ट झाकण असेल, एवढा. यावर माझा एक मित्र म्हणतो, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे, की मोठा टब फिल्टर आणि क्लोरीनवर नीट सांभाळला तर पाणी महिना-दोन महिने चालतं. उलट लहान टब सारखा रिकामा करण्यात पाणी जास्त जातं. बरोबर. पण त्याच्या वाक्यातला ‘नीट सांभाळला’ हा भाग कोण करतो? मी पंधरा घरांतले टब बघितलेले नाहीत, तीन बघितलेत. तिन्ही ठिकाणी पट्टीचं पाकीट न उघडलेलं होतं आणि पाण्याला वास येऊ लागला की ते सरळ गटारात सोडलं जात होतं. चारशे लिटर. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं सरकारी प्रमाण धरलं, तर तीन माणसांचा दिवस. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला लोक टँकरची वाट बघत असताना.

आणि टब वापरात नसेल तेव्हा? यंत्र चालू आहे, पाणी दहा डिग्रीवर आहे, तोवर डास त्यात वाढायचा नाही. मग आपण मे महिन्यात आठवडाभर कोकणात जातो, वीज वाचवायला यंत्र बंद करतो, झाकण अर्धवट राहतं. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला उकाड्यात साधारण आठ-दहा दिवस पुरतात. त्याची अंडी पाण्यात नव्हे, पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटलेली असतात, आणि कोरड्यात महिनोन् महिने तग धरतात. नुसतं पाणी ओतून टब रिकामा केला आणि कड घासली नाही, तर पुढच्या वेळी पाणी भरल्यावर ती पुन्हा जागी होतात. आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ पाळा असं आरोग्य कर्मचारी दारोदार सांगतात, ते कुंड्यांच्या ताटल्यांपुरतं नाही.

आता तिसरी गोष्ट. ती थाप नाही, सवय आहे, आणि तिच्यामुळेच मी लिहायला बसलो. टब ‘सांभाळायला सोपा’ आहे असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा तो दुसरं कोणी सांभाळत असतं. मावशींशी ठरलेल्या कामात टब नव्हता. मी पगार वाढवला नव्हता. माझ्या अंगाची घाण त्या उघड्या हातांनी काढत होत्या आणि मी शेजारी पंचा गुंडाळून मनोनिग्रहावर फोनवर बोलत होतो. एकदा मनात आलं, त्यांनी घासून झाल्यावर याच टबात पाय बुडवून बसायचं म्हटलं तर? प्रश्न मनात आला आणि त्याबरोबर पोटात काहीतरी आकसलं. ते आकसणं मला ओळखीचं वाटलं, आणि त्याची लाज वाटली.

या शहराला पाण्याच्या हौदांचा इतिहास आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून नळाने पाणी आलं आणि पेठापेठांत हौद झाले. पाणी एक, पण कोणाचा हात लागला तर ते बाटतं याचे नियम पक्के. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य ठरवलेल्यांना खुला केला तो याच गावात. त्या काळातल्या लोकांना पाण्यातला खरा मळ दिसत नव्हता, त्यांना माणसाच्या स्पर्शात मळ दिसायचा. मी दीडशे वर्षांनंतर, हातात क्लोरीनची पट्टी घेऊन, त्यापेक्षा फार वेगळं काही करत नव्हतो. मावशींचा हात घासायला चालत होता, बुडवायला चालला नसता.

फेब्रुवारीत मी यंत्र विकून टाकलं. मोठा टबही. मावशींना त्या तीन महिन्यांच्या जादा कामाचे पैसे दिले, त्यांनी ते मोजून घेतले आणि “एवढं घासायला किती वेळ जायचा माहितीये?” असं विचारलं. मला माहीत नव्हतं. आता आहे, कारण आता मी घासतो. दीडशे लिटरचं एक रुंद पिंप आहे, गुडघे मुडपून बसता येतं. डिसेंबर-जानेवारीत पुण्याची पहाट दहा-बारा डिग्रीपर्यंत उतरते, तेव्हा रात्रभर बाहेर ठेवलेलं पाणी पुरेसं गार असतं. साबणाने अंघोळ, मग पाणी, मग झाकण. क्लोरीन सहा मिलिलिटर. तिसऱ्या दिवशी पाणी बादल्यांनी काढून संडासाला आणि फरशीला. कड, तळ, बूच आणि झाकणाची आतली बाजू ब्रशने घासायची, धुऊन उन्हात वाळवायचं. घड्याळ लावून पंचवीस मिनिटं जातात. मार्च ते नोव्हेंबर पिंप कोरडं, भिंतीला उपडं. तेव्हा बादली. हीसुद्धा चैन आहे हे मी नाकारत नाही, पण ती मला स्वतःला झेपते.

गार पाण्यात तीन मिनिटं बसायला जो निर्धार लागतो त्याचं कौतुक पुरे झालं. ज्यांना टब घ्यायचाच आहे त्यांना माझी एक विनंती आहे. आधी महिनाभर आपल्या न्हाणीघरातली बादली आणि मग रोज स्वतः घासा, आतून, तळापर्यंत, कोणाला न सांगता. त्या महिन्यात एकही दिवस चुकला नाही, तर खुशाल टब घ्या.