बंदूक परत देताना विचारा

निवडणुकीची आचारसंहिता लागली की आमच्याकडे बंदुका जमा करायची नोटीस निघते. मी पोलीस पाटील असताना ती घरोघर पोचवायचं काम माझ्याकडे होतं. मग दोन-चार दिवस कोयनानगरच्या पोलीस ठाण्यापुढं म्हातारी माणसं दिसायची. बंदूक गोणपाटात गुंडाळून सुतळीनं आवळलेली, कारण उघडी बंदूक घेऊन एसटीत चढलं की कंडक्टर कटकट करतो. नळीला खोबरेल तेल चोळलेलं. हवालदार दस्त्याला चिठ्ठी बांधायचा, पावती फाडायचा. एक आजोबा दर खेपेला तेच विचारायचे, "पाटील, सुगीच्या आत मिळंल न्हवं? डुकरांनी नाचणी पार लोळवलीया."

या ठासणीच्या बंदुकीबद्दल माझी तक्रार नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात, तेराव्या कलमात, पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीला जागा ठेवलेली आहे. बार भरायलाच एवढा वेळ लागतो की तोवर माणसाचा राग निम्मा उतरतो. तिचा दुरुपयोग होतो तो जंगलात, रात्री बॅटरी लावून. त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण आज लिहितोय ते कमरेला लावायच्या पिस्तुलाबद्दल.

19 मार्च 2023, रविवारची रात्र. आमच्याच पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्यात गुरेघर धरणाच्या बाजूला गोळीबार झाला. दोन माणसं जागीच गेली, एक जखमी झाला. पवनचक्कीच्या पैशांवरून वाद होता असं बातम्यांत आलं. पोलिसांनी पकडला तो ठाण्याचा माजी नगरसेवक. खरंखोटं कोर्ट ठरवील. पण त्या रात्री तालुक्यात फोनाफोनी सुरू झाली तेव्हा बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न होता, "गोळीबार? आपल्याकडं?"

भांडणं आपल्याकडं कमी कधी होती? बांधावरून झाली, पाण्यावरून झाली, पुनर्वसनाच्या जमिनीवरून तर पिढ्यान्पिढ्या चालू आहेत. काठ्या चालल्या, डोकी फुटली, टाके पडले. महिन्याभरानं तेच दोघे एका मांडवात पंगतीला बसलेले मी पाहिलेत. पिस्तूल निघालं की तो महिना मिळत नाही.

लोक म्हणतात, पाटील, परवान्याची बंदूक वेगळी, गुंडाची वेगळी. 2024 चा फेब्रुवारी आठवा. 2 तारखेला उल्हासनगरला, हिललाईन पोलीस ठाण्याच्या आत, अधिकाऱ्याच्या दालनात गोळ्या झाडल्या गेल्या. अटक झाली ती आमदार गणपत गायकवाड यांना. आठवडाही उलटला नाही तोच, 8 तारखेला दहिसरला माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांचा खून झाला, फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना. मारणाऱ्यानं वापरलेलं पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचं, परवान्याचं होतं. पुढं डिसेंबरात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. त्यांना गोळी घातलेली नव्हती. पण त्या प्रकरणामुळं बीडच्या परवान्यांची यादी बाहेर आली आणि शंभरावर परवाने रद्द करावे लागले. खून झाल्यावर रद्द करता येतात, तर आधी का नाही? कायद्याचं सतरावं कलम सार्वजनिक शांततेसाठी परवाना निलंबित किंवा रद्द करायचा अधिकार देतंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की निवडणुकीला ही हत्यारं सरकारच्या कुलपात आयतीच येऊन पडतात. जमा करण्यातून सूट मिळवणारे असतात, पण बहुतेकांची येतात. निकाल लागला की पावती दाखवून सगळी परत. तेव्हाच विचारा ना! परवाना घेताना जिवाला धोका लिहिला होता, तो कोणाकडून, आणि अजून आहे का? मधल्या काळात याच्यावर गुन्हा दाखल झाला का? लग्नाच्या वरातीत बार काढला का? 2019 च्या दुरुस्तीनं अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर दंड ठेवलाय. आमच्याकडं किती जणांना तो बसला, ते पोलिसांनी एकदा जाहीर करावं. कंबरेचं पिस्तूल दिसेल असा शर्ट वर करून काढलेले फोटो सगळ्या तालुक्याच्या मोबाईलवर फिरतात. ते पोलिसांच्या मोबाईलवरही येत असणारच.

आमच्या भागाला आणखी एक हत्यार आहे, कागदी. वन्यजीव कायद्याच्या चौतिसाव्या कलमाप्रमाणं अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीशिवाय नवा परवाना देता येत नाही, आणि जुन्या परवानाधारकांचीही नोंद हवी. कोयना अभयारण्य 1985 चं. आमची निम्मी गावं या टप्प्यात बसतात. ती नोंदवही वन खातं आणि पोलीस यांनी एका टेबलावर ठेवून पडताळावी. आणि डुकरानं नासलेल्या पिकाची भरपाई वेळेवर द्यावी, म्हणजे आजोबांना नळीला तेल चोळत बसावं लागणार नाही.

गावठी कट्टेवाला कुठं जमा करायला येतोय, हा प्रश्न बरोबरच आहे. कट्टा नि दोन जिवंत काडतुसं जप्त, एवढी बातमी कराडपासून सांगलीपर्यंत पेपरात नेहमी येते आणि तिथंच संपते. विकणारा कोण, आणलं कुठून, हे पुढं वाचायला मिळत नाही. जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशात उमरटी आहे. तिथं पिस्तुलं बनतात हे महाराष्ट्र पोलिसांना पुरतं ठाऊक आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात ओंकारेश्वर पुलावर त्यांना गोळ्या घातल्या. मारेकऱ्यांना शिक्षा व्हायला 10 मे 2024 उजाडलं. पिस्तूल शोधायला मधे ठाण्याच्या खाडीत पाणबुडे उतरवावे लागले. हत्यार विकत घेतलं जातं तेव्हाच पकडायला एवढे कष्ट खचित पडले नसते. पकडलेल्या प्रत्येक कट्ट्यामागं विकणाऱ्यापर्यंत तपास गेला की नाही, याचा हिशेब पोलीस अधीक्षकांनी दर तिमाहीला द्यावा.

पुढच्या आचारसंहितेला नोटिसा निघतीलच. जिल्हाधिकाऱ्यांनी या वेळी पावतीमागं एक कोरा रकाना छापावा, परत हवी असल्याचं कारण. नाचणी लिहिणाऱ्याला त्याच दिवशी द्या. रकाना कोरा सोडणाऱ्याची ठाण्यातच राहू द्या.