गाडीला चिखल लागतो तेव्हा

आषाढातल्या रविवारी संध्याकाळी ताहाराबादकडून आठ-दहा मोठ्या गाड्या एका ओळीने सटाण्यात शिरतात. चाकांपासून टपापर्यंत चिखल, बॉनेटवर भगवा, काचेवर 'जय शिवराय'. मुल्हेर-साल्हेरच्या डोंगरांतून त्या आलेल्या असतात. टपरीवरची पोरं चहा ठेवून मोबाइल काढतात. गाडीमालक रुबाबात खाली उतरतो आणि पुढचे दोन-तीन दिवस गाडी धूत नाही. पेट्रोल पंपावर, बाजार समितीच्या दारात, लग्नाच्या मांडवाबाहेर तो चिखल तसाच मिरवला जातो. आमच्या गावात हल्ली तो कर्तबगारीचा टिळा मानतात.

हा टिळा लागतो कुठे, ते मी पाहिलं आहे.

साल्हेरच्या पायथ्याला एक पाडा आहे. डांबर ओहोळापाशी संपतं. पुढे मुरमाची, मध्येच खडक उघडे पडलेली चढण. शहरातली मंडळी तिला 'ट्रॅक' म्हणतात. पाड्याची ती रोजची वाट आहे. शाळेची पोरं, रेशनचं पोतं, पाण्याचे हंडे सगळं तिथूनच जातं. वाटेच्या दोन्ही अंगांना उतारावर नागलीचे तुकडे. गेल्या पावसाळ्यात मी गेलो, तेव्हा साठी उलटलेली एक बाई पाटीतून दगड आणून चाकोऱ्यांत भरत होती. चाकोरी पोटरीइतकी खोल होती. वळण घेताना कुणीतरी गाडी सरळ वावरात घातलेली. दोन दिवसांपूर्वी आवणी केलेली नागली चिखलात चेंदली होती. जी रोपं जगण्यासारखी होती ती उपटून, मुळं ओहोळात धुऊन, बाई पुन्हा लावत होती. मी विचारलं, "मावशी, कुणाला सांगितलं का?" ती म्हणाली, "मोठी माणसं होती भाऊ. पोरांना चॉकलेटं वाटून गेली."

हे वाक्य मी विसरू शकलेलो नाही. तिच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. मोठी माणसं येणार, तुडवणार आणि जाताना चॉकलेट देणार, हे तिने पाऊस धरावा तसं गृहीत धरलेलं होतं. ते तिला कुणी शिकवलं? आपण शिकवलं.

गाडीच्या यंत्रात दोष नाही. फोर बाय फोरमध्ये इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळतो. लो गिअर टाकला की चाक हळू फिरतं आणि जोर कितीतरी वाढतो. म्हणून जाणता चालक आधी खाली उतरून वाट पायी बघतो, टायरमधली थोडी हवा सोडतो, आणि चाक जागच्या जागी गरगरू देत नाही. चाक गरगरलं की पकड सुटते, हे त्याला माहीत असतं. ही कला आहे आणि तिला शिस्त आहे. इगतपुरीला ती शिकवण्यासाठी वेगळं मैदान राखलेलं आहे. पण चिखल उडाल्याशिवाय व्हिडिओ होत नाही. मग ॲक्सिलरेटर दाबून चाक मुद्दाम गरगरवतात. उताराची वरची माती सुटते, खालची दबून दगडासारखी घट्ट होते, पाणी मुरायचं थांबून चाकोरीतून धावू लागतं, आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे ओघळ पडतो. आमच्या बागलाणच्या डोंगरउतारावर वीतभर माती साठायला किती पिढ्या गेल्या असतील! ती आपण एका दुपारच्या हौसेत ओहोळात लोटतो. या पाण्याचीच पुढे मोसम होते, आरम होते. त्याच नद्यांवर बंधारे घालून आपल्या पूर्वजांनी फड पद्धत चालवली. कुणाच्या शेताला किती वेळ पाणी, हे पाटकरी ठरवायचा आणि अख्खं गाव त्याचं ऐकायचं. पाटाच्या काठाला धक्का लागू नये म्हणून जपणाऱ्या माणसांचे आपण वंशज आहोत.

जीप या मुलखात आली ती हौस म्हणून आली नव्हती. दुसऱ्या महायुद्धासाठी घडलेली ती गाडी स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत जोडायला घेतली. पुढची कित्येक वर्षं खेड्यात जीप आली म्हणजे हिवतापाची फवारणी आली, देवीची लस आली, मामलेदार आला, निवडणुकीची पेटी आली. नंतर काळी-पिवळी आली. बाजाराच्या दिवशी कोंबड्या, पोती आणि पंधरा माणसं घेऊन कमांडर जीप घाटातून रांगायची. तिच्यात बसून आम्ही शाळेला गेलो, दवाखान्यात गेलो. त्याच जातीची गाडी आता नाशिकच्या कारखान्यातून वातानुकूलित होऊन निघते, आणि जिथे रस्ता नाही तिथे जायची तिची ताकद फक्त रविवारी बाहेर काढली जाते.

इतर दिवशी काय होतं, ते एका रात्री कळलं. त्याच पाड्यावर, त्याच पावसाळ्यात, एक बाळंतीण अडली. आपल्या राज्यात 108 ची रुग्णवाहिका 2014 पासून धावते आहे. पण ती डांबर संपतं तिथपर्यंत येणार. पुढे झोळी. बांबूला घोंगडी बांधायची आणि चौघांनी खांदा द्यायचा. त्या रात्री पाऊस असा होता की निसरड्या चढणीवरून झोळी उतरवणं म्हणजे दोन जीव दरीच्या हवाली करणं. पाड्यावरच्या शिकलेल्या एका पोराने मला फोन केला. अर्ध्या तासाच्या अंतरावर अशा तीन गाड्या उभ्या होत्या, आणि तिघेही मालक ती चढण हाताच्या रेषेसारखी ओळखत होते. मी एकेकाला फोन लावला. एकाने उचलला नाही. दुसरा म्हणाला, चावी ड्रायव्हरकडे आहे. तिसरा मात्र खरं बोलला. "रक्त-बिक्त सांडी, सीट नवीन शेत भाऊ. गाडी खराब हुई जाई."

गाडी खराब होईल! दर रविवारी जो माणूस तिला नखशिखांत चिखलात लोळवतो, त्याच्या तोंडचं हे वाक्य. चिखलाने गाडीची शोभा वाढते आणि कोकणा आदिवासी बाईच्या रक्ताने ती बाटते. ही अस्पृश्यताच आहे, आणि मी तिला दुसरं नाव देणार नाही. तिच्या विरोधात शंभर-दीडशे वर्षं महाराष्ट्र भांडला. आपण ती घरातून घालवली म्हणतो. ती गॅरेजमध्ये जाऊन बसली आहे.

त्या माणसाला एकट्याला फाशी देऊन मला मोकळं व्हायचं नाही. त्याला घडवणारे आपण आहोत. त्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, आणि गाडीवर रेलून काढलेला फोटो त्यावर असतो. तो फोटो पाहत मोठं झालेलं पोर बापाकडे हट्ट धरतं. डाळिंबाच्या बागेला तेल्या लागलेला, कांद्याच्या भावाने मोडलेला बाप हप्त्यावर गाडी घेतो, कारण गाडीशिवाय पोराला स्थळ येत नाही असं त्याला वाटतं. मुलीचा बाप तर लग्नात गाडी देण्यासाठी जमिनीचा तुकडा विकतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात बक्षीस द्यायला आपण कुणाला बोलावतो? ज्याची गाडी मोठी त्याला. मीही अशा माणसाच्या गळ्यात हार घातला आहे. त्या रात्री फोन न उचलणारा तोच होता.

आणि हे सगळं कुठे? देवमामलेदारांच्या सटाण्यात! यशवंतराव महाराज इथे मामलेदार होते. 1870-71 च्या दुष्काळात माणसं उपाशी मरताना त्यांनी सरकारी तिजोरी उघडून वाटली, असं गाव पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलं आहे. हातात सत्ता होती, तिची किल्ली होती, आणि नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवून त्यांनी ती भुकेल्यांसाठी फिरवली. मार्गशीर्षात त्यांच्या रथाला आपण गर्दी करतो. रथाची दोरी धरायला झुंबड उडते. त्या झुंबडीत असलेला हात मध्यरात्री गाडीची किल्ली फिरवायला का कचरतो?

बॉनेटवरच्या भगव्याबद्दलही बोललं पाहिजे. साल्हेरच्या पायथ्याच्या मैदानात 1672 साली मराठ्यांनी मोगलांना उघड्यावर हरवलं. मराठ्यांचे सरदार सूर्यराव काकडे तिथे पडले. 1567 मीटर उंचीचा हा गड जुलै 2025 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेला आणि आपण फटाके वाजवले. साल्हेरच्या लढाईनंतर एक-दोन वर्षांतच शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना पत्र लिहून बजावलं, की घोड्यांना दाणा-वैरण बाजारातून विकत घ्या, रयतेला काडीचा उपद्रव देऊ नका, नाहीतर लोक म्हणतील की याहून मोगल बरे. छावणीतल्या फौजेला जे माफ नव्हतं, ते सहलीला आलेल्यांना महाराजांच्याच झेंड्याखाली माफ कसं?

कुणी म्हणेल, कायदा आहे ना. आहे. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. डिसेंबर 2023 मध्ये हिमाचलातल्या लाहौलच्या चंद्रा नदीच्या पात्रात एकाने थार गाडी घातली, तेव्हा पोलिसांनी साडेतीन हजारांचा दंड केला. लाखांच्या गाडीला साडेतीन हजार! ज्याला लाज नाही त्याच्या लेखी ती हौसेची फी झाली.

हौसेने कुणाचं काय जातं, असंही विचारतात. जातं ते वर सांगितलं. पण ही हौस माणसाला मोठंही करू शकते, हेही मला ठाऊक आहे. ऑगस्ट 2018 च्या केरळच्या महापुरात मच्छीमार होड्या घेऊन धावले, तसेच तिथले ऑफरोडिंग करणारे तरुण आपल्या जीपगाड्या घेऊन पाण्यात उतरले आणि अडकलेल्या माणसांना बाहेर काढलं. तिथेही सीट भिजल्याच असतील. बागलाणातल्या पोरांचे हात त्यांच्यापेक्षा कमी तयारीचे नाहीत. पावसाळ्याचे चार महिने पाड्या-पाड्यांवर नंबर लिहून ठेवा, रात्री हाक आली की निघा, आणि ज्या चढणीवर चाकोऱ्या पाडल्या तिथे कुदळ घेऊन आधी दगड भरा. असा एक जरी गट सटाण्यात उभा राहिला, तर त्याच्या गाडीचा चिखल मी माझ्या कपाळाला लावीन.

त्या रात्री शेवटी ट्रॅक्टर आला. खालच्या गावातला दोन एकरांचा कांदेवाला. त्याची गाडी फोर बाय फोर नव्हती आणि ती चढण त्याने कधी चढलेली नव्हती. ट्रॉलीत कांद्याची रिकामी बारदानं पसरली, वर ताडपत्री धरली, आणि दोघांनी पुढे बॅटरी घेऊन वाट दाखवली. डांबरावर रुग्णवाहिका उभीच होती. पहाटे मुलगी झाली. सकाळी मी त्याच्या घरी गेलो तर तो ट्रॉली धूत होता. बारदानं बांधावर वाळत घातलेली होती. त्याला घाई होती, दहाच्या आत कांदा बाजार समितीत पोचवायचा होता.