निघण्यापूर्वीचे सहा महिने

वर्ष-दीड वर्ष परदेशात स्वयंसेवक म्हणून काम करायची इच्छा असलेले तरुण आता बरेच दिसतात. त्यांत डॉक्टर आणि नर्स असतात, तसे पाण्याच्या योजना करणारे इंजिनिअर, शिक्षक, हिशेब सांभाळणारेही असतात. मला त्यांचं मनापासून कौतुक वाटतं आणि म्हणूनच आग्रहाने सांगते, की तयारीसाठी निदान सहा महिने हातात ठेवा. तिथे आपण कुणाच्या उपयोगी पडणार की कुणाच्या गळ्यात पडणार, हे बरंचसं इथेच ठरतं.

सगळ्यात आधी विचारा, की मला बोलावलंय कुणी आणि नेमकं कशासाठी? १९७० साली सुरू झालेला संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम घ्या, किंवा ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था. तिथे कामाचं स्वरूप लेखी मिळतं, राहण्या-जेवण्यापुरता भत्ता मिळतो, विमा असतो आणि निवडीसाठी पैसे मागत नाहीत. नावाजलेल्या संस्थेचं नाव सांगून कुणी फी मागितली, तर तो फसवणुकीचा प्रकार समजा. आणि ‘अनुभव नसला तरी चालेल, या आणि अनाथ मुलांना इंग्रजी शिकवा’ अशी जाहिरात असेल तर कृपा करून जाऊ नका. नेपाळ आणि कंबोडियातल्या अशा आश्रमांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असल्याचं वारंवार उघड झालं आहे. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून मुलं घरापासून तोडली जातात. दर दोन महिन्यांनी नवी ‘ताई’ येऊन निघून जाते, त्याचा घाव त्या मुलांनी का सोसायचा? टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करा, असं कुणी सुचवलं तरी तिथेच थांबा.

जागा पक्की झाली की शरीराकडे वळा. समजा, तुम्ही युगांडाला निघालात. पिवळ्या तापाची लस घेतल्याशिवाय तिथे जाता येत नाही. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही. सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच, आधी वेळ घेऊन आणि पासपोर्ट दाखवून मिळते. लशीनंतर एक छोटं पिवळं पुस्तक हातात येतं. त्यावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का, तारीख, लशीचा बॅच नंबर, सही आणि शिक्का आहे ना, हे टेबलापाशीच उभं राहून तपासा. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं. पूर्वी ते दहा वर्षं चालायचं, २०१६ पासून आयुष्यभरासाठी धरतात. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. परतताना हे पुस्तक नसेल तर आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हा कागदी जाच नव्हे. आपल्याकडे पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास, म्हणजे डेंग्यूचाच डास, घराघरांत आहे. एक आजारी प्रवासी पुरेसा ठरू शकतो.

स्वतःचे जुने आजार फॉर्मवर लपवू नका. मधुमेह, फिट्स, मागे कधी घेतलेले नैराश्यावरचे उपचार, सगळं सांगा. ‘नाकारतील’ ही भीती मला समजते. पण तिथे आजार उफाळला आणि जवळचं मोठं हॉस्पिटल दिवसभराच्या वाटेवर असेल, तर तुमच्यासाठी गाडी, ड्रायव्हर आणि डॉक्टर अडकतात; ते तिथल्या रुग्णांच्या वाट्याचे असतात.

भाषेचं म्हणाल, तर कोटणीसांची आठवण करते. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे, अठ्ठावीसही पूर्ण नसलेले द्वारकानाथ कोटणीस. व्ही. शांताराम यांच्या सिनेमामुळे त्यांचा त्याग सर्वांना ठाऊक झाला. मला त्यांची मेहनत जास्त मोलाची वाटते. ते चिनी शिकले, आणि नुसतं नमस्कार-चमत्कारापुरतं नाही, तर रुग्णांशी बोलण्याइतकं, विद्यार्थ्यांना शिकवण्याइतकं. युगांडात इंग्रजी राजभाषा आहे, पण खेड्यातली बाई पोटात कुठे दुखतंय हे लुगांडात किंवा अचोलीत सांगणार. तेव्हा इथूनच रोज अर्धा तास द्या.

सामानाचं फार मनावर घेऊ नका. तिथे मक्याच्या पिठाचा पोशो आणि घेवड्याची उसळ मिळते, शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ पाकिटात न्या.

खरी कसोटी घरची. गृहकर्जाचे हप्ते, विम्याचे हप्ते थांबत नाहीत आणि भत्ता म्हणजे पगार नव्हे, म्हणून आकडे कागदावर मांडा. बँकेची, जागेची कामं कोण पाहणार ते ठरवून कुलमुखत्यारपत्र इथेच करून घ्या. तिथून करायचं तर राजधानीतल्या भारतीय वकिलातीपर्यंत जावं लागतं. मग एका संध्याकाळी आईवडिलांना, भावंडांना घेऊन बसा. बाबांना दवाखान्यात कोण नेणार, गोळ्या कोण आणणार, हे नावानिशी ठरवा. आपल्या घरांत एक सवय असते, ‘ती लांब आहे, तिला कशाला काळजी’ म्हणून वाईट बातमी दडवायची. तिचा परिणाम उलटा होतो, कारण प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’वर शंका येऊ लागते. घरच्यांकडून शब्द घ्या, की जे असेल ते त्याच दिवशी सांगतील. आणि कठीण असलं तरी हेही बोला, की कशासाठी तुम्ही काम सोडून परत याल. आडगावातून निघून घर गाठायला तीन-चार दिवस लागू शकतात. कदाचित अंत्यदर्शनही होणार नाही. हे ऐकून आई रडेल. पण हे बोलणं झाल्यावरही तिने ‘जा’ म्हटलं, तर निर्धास्त निघा. नाही म्हणाली, तर गडचिरोलीत आणि नंदुरबारमध्येही माणसं हवी आहेत, आणि तिथून रातोरात घरी येता येतं.

आणि गेलातच, तर शेवटचं एक सांगते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तितके दिवस, परत आल्यावरही, न चुकता घ्या. आणि परतल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, की मी आफ्रिकेत राहून आले आहे.