तोंडी परीक्षेचे वीस गुण

जून २०१९ मध्ये दहावीचा निकाल लागला आणि राज्यभर हळहळ झाली. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला निकाल थेट ७७.१० टक्क्यांवर आला होता. भाषा विषयांच्या तोंडी परीक्षेचे २० गुण त्या वर्षी बंद झाले होते, हे त्याचे मोठे कारण. शाळा हे गुण खिरापतीसारखे वाटतात हा आक्षेप जुना होता आणि तो खोटाही नव्हता. पण निकाल पाहून ओरड झाली. अकरावीच्या प्रवेशात आपली मुले सीबीएसईच्या मुलांच्या मागे पडतील ही भीती पुढे आली आणि गुण परत आले. पुढच्या वर्षी निकाल ९५.३० टक्के लागला. या साऱ्या वादात टक्केवारी होती, कटऑफ होते, मंडळाची प्रतिष्ठा होती. ज्याला सांगता येते पण लिहिता येत नाही, ते मूल मात्र कुठेच नव्हते.

दिवाळी अंकाने आनंदाचे बोलावे, हा संकेत आम्हालाही प्रिय आहे. तरी यंदा या मुलाबद्दल बोलायचे आम्ही ठरवले.

कोकणातल्या एका शिक्षिकेने आम्हाला सातवीतल्या मुलाची निबंधाची वही दाखवली. विषय नेहमीचा, पावसाळ्यातला एक दिवस. साडेचार ओळी. ‘शेतकरी’चा ‘शेकतरी’ झालेला, वेलांट्या भलत्याच अक्षरांवर, जोडाक्षर आले की पेन्सिल दाबून कागद फाटलेला. खाली लाल शाईत दहापैकी दोन. बाईंनी मग त्याला जवळ बसवून तोच निबंध तोंडी सांगायला लावला. खाचरात पाणी तुंबले की बांध कुठे फोडायचा, कुठे फोडला तर खालच्याचे भात वाहून जाते, रात्री बॅटरी घेऊन वडिलांबरोबर गेल्यावर बेडकांचा आवाज कसा एकदम थांबतो, हे सारे तो न अडखळता सांगत गेला. वर्गातल्या इतर कोणाच्या निबंधात यातले काहीच नव्हते. तरी वहीवर दोनच गुण राहिले.

अशा मुलांसाठी सवलती नाहीत असे नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना दहावीला सवलत देण्यात महाराष्ट्र पुढे होता. १९९६ पासून हे सुरू आहे. जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या अक्षमतेला २१ प्रकारांच्या यादीत जागा दिली आणि परीक्षापद्धतीत योग्य बदल करणे हे सरकारचे कर्तव्य ठरवले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. लिहिताना हात आखडणाऱ्या एका उमेदवाराच्या प्रकरणात, लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही, असा निकाल दिला.

कागदावर एवढे सगळे आहे. पण त्या कागदापर्यंत पोहोचायला आधी प्रमाणपत्र लागते. तपासणीची जाणती केंद्रे मोठ्या शहरांत आहेत. तालुक्याच्या गावातून आईने मजुरी बुडवून यायचे, मुलाच्या बुद्ध्यांकाची, वाचनाची, लेखनाची चाचणी वेगवेगळ्या दिवशी करून घ्यायची, म्हणजे खेपा आल्याच. त्याआधी कोणीतरी ओळखायला हवे की पोरगा आळशी नाही. ‘तारे जमीन पर’ येऊन कितीतरी वर्षे झाली, तरी ‘लक्ष देत नाही’ हा शेरा प्रगतिपुस्तकातून हटलेला नाही.

मूल्यमापनाचा प्रत्येक बदल याच मुलांवर अधिक जोराने आदळतो. शिक्षणहक्क कायद्याने २०१० पासून आठवीपर्यंत नापास करणे थांबवले. त्यामुळे कच्ची मुले तशीच पुढे ढकलली गेली, हे खरे. पण तेव्हा आलेल्या सर्वंकष मूल्यमापनात प्रकल्प होते, प्रात्यक्षिक होते, तोंडी काम होते, म्हणजे या मुलाला बोलायला जागा होती. ती जागा नीट वापरायची सोडून आपण २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा परत आणली. पुनर्परीक्षेतही अडला, तर तो त्याच वर्गात बसणार. वर्ष पुन्हा काढून डिस्लेक्सिया जात नाही. शिकवण्याची रीत बदलली तरच त्या वर्षाचा उपयोग.

करोनाच्या वर्षी, २०२१ मध्ये, दहावीची परीक्षाच झाली नाही. निकाल ९९.९५ टक्के लागला म्हणून सगळे खूश झाले. पण त्या सूत्रात शंभरपैकी ५० गुण नववीच्या निकालावर होते. ज्याची अडचण दहावीत ओळखली गेली, त्याच्या नववीच्या गुणांत सवलतीचा अंशही नव्हता. आता क्षमताधारित प्रश्नांचा बोलबाला आहे. सीबीएसईच्या दहावीत ते निम्म्यापर्यंत आले आहेत. घोकंपट्टी कमी व्हावी हा हेतू चांगलाच आहे. मात्र असा प्रश्न अनेकदा उतारा घेऊन येतो, आणि शब्द लावत लावत वाचणाऱ्या मुलाचा वेळ उताऱ्यातच संपतो. उत्तर त्याला येत असते.

आमचे म्हणणे स्पष्ट आहे. परीक्षेची पद्धत बदलण्याचा निर्णय होईल, त्याच बैठकीत या मुलांचे काय होणार हे ठरले पाहिजे. नंतर निघणाऱ्या परिपत्रकातल्या ‘दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी सूचना स्वतंत्रपणे देण्यात येतील’ या ओळीवर त्यांना सोडून चालणार नाही. आणि तोंडी गुणांची खिरापत होत असेल तर तपासणी कडक करा, बाहेरचा परीक्षक आणा. पण तोंडी परीक्षा काढून टाकू नका.

वाचकांपैकी जे शिक्षक आहेत आणि जे पालक आहेत, त्यांना एक विनंती. सुट्टी संपली की पहिल्या सत्राचे पेपर हातात येतील. ज्या मुलाचे बोलणे आणि लिहिणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर दिसेल, त्याला रागावण्याआधी तपासणीला न्या. शाळेकडे सवलतीचा अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. दहावीची वाट पाहू नका, पाचवीतच करा. वार्षिक परीक्षेला अजून काही महिने हातात आहेत.