भुतालाही जात असते

भयपट किंवा अद्भुतपटांचा महोत्सव म्हटलं की आपले काही कार्यकर्ते लगेच म्हणतात, ही अंधश्रद्धा, बहिष्कार टाका. आम्हाला हे पटत नाही. भूत उतरवतो म्हणून माणसाला मारहाण करणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. भुताची गोष्ट सांगणं नाही. आणि कोल्हापूरला अद्भुताचं नवल कसलं? 'प्रभात'चा 'माया मच्छिंद्र' इथलाच, 1932 चा.

आमचा सवाल वेगळा आहे. पडद्यावरचं भूत कोणाच्या घरातलं? 'तुंबाड' (2018) मधला खजिना वाड्यातला. 'मुंज्या' (2024) तर मुंज झालेल्या पोराचं भूत. ज्याची मुंजच होत नाही, तो मेल्यावर मुंज्या तरी कसा होणार! ब्रह्मसमंधाचंही तेच. मसणातसुद्धा आरक्षण आहे, फक्त त्यावर कोणी ओरडत नाही.

मग वस्तीतली भीती कोण दाखवणार? पाण्याला हात लावला म्हणून मार खाण्याची, प्रेताला वाट न मिळण्याची? बाबुराव पेंटरांनी 1925 साली याच शहरात 'सावकारी पाश' काढला. शेतकऱ्याची जमीन गिळणाऱ्या सावकाराला शिंगं लावावी लागली नाहीत. अमेरिकेत जॉर्डन पील या काळ्या दिग्दर्शकाने 'गेट आउट' (2017) मध्ये वर्णद्वेषाचाच भयपट केला आणि पटकथेचं ऑस्कर घेतलं.

तेव्हा कोल्हापुरात असा महोत्सव भरला तर दारात घोषणा देत बसू नका. आपल्या पोरापोरींनी मोबाइलवर केलेल्या फिल्म आत पाठवा. निवड समितीत कोण कोण बसलंय, हे मात्र आधी लेखी विचारा.